‘कोणावरही संशय नाही’ या वाक्याखाली आपण सही का करतो?

शीळफाट्यावर माणूस मरणे ही बातमी राहिलेली नाही. कल्याणहून येणारा रस्ता, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता आणि म्हाप्याकडे उतरणारा रस्ता इथे एकत्र येतात. कंटेनर, डंपर, गोदामे, भंगाराची दुकाने, रातोरात उभ्या राहणाऱ्या इमारती. ४ एप्रिल २०१३ रोजी याच शीळ-डायघर परिसरात लकी कंपाऊंडची बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. रोजच्या मरणाला एवढी प्रसिद्धी मिळत नाही. कोणी चाकाखाली येते, कोणी स्लॅबवरून पडते, कोणी टाकीत उतरून वर येत नाही, कोणाची सून पंख्याला लटकलेली सापडते. यात आपली माणसे किती असतात, हे सांगायला आम्हाला आकडेवारी लागत नाही. अंत्ययात्रेला आम्हीच असतो.

प्रत्येक वेळी कागद मात्र एकच असतो. पोलीस येतात, दोन पंच बोलावतात, बहुतेक वेळा जवळचा चहावाला आणि उभा असलेला रिक्षावाला. मृतदेहाचा पंचनामा होतो. मग मयताच्या बापाचा, भावाचा, नाहीतर नवऱ्याचा जबाब लिहिला जातो. शेवटचे वाक्य ठरलेले असते: सदर मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही व माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सही किंवा अंगठा.

आमचा वाद या एका वाक्याशी आहे. आणि सुरुवात आम्ही आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

आमच्या हातून काय झाले

आमच्या वस्तीतला एक तरुण ठेकेदाराच्या सांगण्यावरून सांडपाण्याच्या टाकीत उतरला आणि मेला. आम्ही सहा-सात कार्यकर्ते रुग्णालयात पोहोचलो. रात्रीचे दोन वाजले होते. ठेकेदाराचा माणूस सगळ्यांना चहा पाजत फिरत होता. जबाब तयार होता. त्याच्या वडिलांनी कागद हातात घेतला आणि आमच्याकडे पाहिले. आमच्यापैकीच एकाने सांगितले, "काका, सही करून टाका, म्हणजे बॉडी लवकर मिळेल." त्यांनी सही केली. कागद कोणी वाचला नाही. समाजशास्त्रात एम.ए. झालेल्यानेही नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही शोकसभा घेतली, बॅनर लावला, निवेदन दिले. नुकसानभरपाईसाठी धावपळ सुरू केली, कारण गटारात वा टाकीत सफाई करताना मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे. तेव्हा तो पंचनामा पहिल्यांदा आमच्या हातात आला. त्यात लिहिले होते की मयत पाय घसरून पडला. टाकीत कशासाठी उतरला, कोणी उतरवले, तोंडाला मास्क होता का, कमरेला दोरी होती का, यावर एक ओळ नव्हती. आणि खाली त्याच्या बापाची सही होती की कोणावरही संशय नाही. आता आम्ही कुठेही गेलो तरी समोरचा माणूस तो कागद पुढे करतो. सही आम्हीच करायला लावली होती.

कायदा काय म्हणतो

इंग्लंडच्या सिनेमात आणि बातम्यांत कॉरोनर हा शब्द येतो. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा तो स्वतंत्र अधिकारी. तो आपल्याकडेही होता. १८७१ च्या कायद्याने मुंबई शहरात कॉरोनर बसत असे, साक्षी घेत असे, ज्युरी असे. १९९९ मध्ये महाराष्ट्राने ते पद बंद केले. आमच्या ठाण्या-कल्याणला ते कधी मिळालेच नव्हते. आम्ही त्या जुन्या पदाचे गोडवे गाणार नाही, ते साहेबांनी साहेबांसाठी आणले होते. पण त्यामागचे एक तत्त्व बरोबर होते. मरण कसे आले हे पोलिसांनी नव्हे, पोलिसांहून वेगळ्या माणसाने ठरवावे.

आज हे काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. १ जुलै २०२४ पूर्वी तेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. आत्महत्या, खून, अपघात किंवा संशयास्पद मृत्यूची खबर मिळाली की पोलिसाने कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे, जागेवर जायचे, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृतदेह पाहायचा, जखमा लिहायच्या, मरणाचे दिसणारे कारण लिहायचे आणि अहवाल वर पाठवायचा. नव्या कायद्याने त्यासाठी २४ तासांची मुदत घातली आहे. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत स्त्रीचा असा मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्याची चौकशी होते. बहुतेक ठिकाणी तो दंडाधिकारी म्हणजे तहसीलदार.

दुसरे कलम १९६, म्हणजे जुने १७६. पोलीस कोठडीत किंवा न्यायालयाच्या हुकमाने ठेवलेल्या कोठडीत माणूस मेला, गायब झाला किंवा स्त्रीवर बलात्कार झाला, तर चौकशी तहसीलदाराने नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्याने करायची. ही सुधारणा २००५ च्या कायद्याने आली. याच कलमात आपल्यासाठी एक दरवाजा आहे: शक्य असेल तिथे दंडाधिकाऱ्याने मयताच्या आईवडिलांना, मुलांना, भावाबहिणींना, नवऱ्याला वा बायकोला कळवायचे आणि चौकशीला हजर राहू द्यायचे.

हजर राहू द्यायचे. बस, एवढेच. प्रश्न विचारू द्या, कागद दाखवा, वकील आणू द्या, यातले काहीही त्या कलमात लिहिलेले नाही.

‘ही फक्त चौकशी आहे, वकील कशाला?’

हा प्रश्न आम्हाला पोलीस विचारतात, कारकून विचारतात, कधी कधी आपलेच वकील विचारतात. त्यांचा मुद्दा असा की हा खटला नाही. इथे कोणाला शिक्षा होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ मध्ये पेद्दा नारायण प्रकरणात म्हटले आहे की पंचनाम्याचा हेतू मरणाचे वरवर दिसणारे कारण शोधणे एवढाच. कोणी मारले, कसे मारले हा त्याचा विषय नाही.

मान्य. पण मग त्याच पंचनाम्यात न आलेली जखम तीन वर्षांनी खटल्यात ‘नंतर रचलेली’ का ठरते? आरोपीचा वकील साक्षीदाराला पहिला प्रश्न हाच का विचारतो की तुम्ही हे पहिल्या जबाबात का सांगितले नाही? कागद लिहिताना तो क्षुल्लक असतो आणि वापरताना वेदवाक्य होतो. असा न्याय आपण दोन हजार वर्षे पाहत आलो आहोत.

शिवाय साक्षीदाराला पुन्हा बोलावता येते, जागा पुन्हा पाहता येते, मृतदेह मात्र एकदाच बोलतो. पुरलेला देह कायद्याने उकरून तपासता येतो. जाळलेल्या देहाची राख काही सांगत नाही. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ नंतर झालेल्या पहिल्या शवविच्छेदनावर एवढे आक्षेप आले की मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. जे पहिल्या दिवशी नोंदवले गेले नाही ते पुढे कोणत्याही मोर्चाला मिळवता आले नाही. खुनासाठी शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा न भंडाऱ्यात लागू झाला न नागपूर खंडपीठात.

आता दुसरी बाजू पाहा. चौकशीत वकील नको, हा नियम सगळ्यांना सारखा नाही. सरकार मोठ्या घटनेसाठी आयोग नेमते तेव्हा १९५२ चा चौकशी आयोग कायदा लागतो. त्याच्या ८-ब आणि ८-क कलमांनुसार ज्याच्या वर्तनाची चौकशी चालली आहे किंवा ज्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसू शकतो त्याला वकील लावण्याचा आणि उलटतपासणीचा हक्क आहे. इतरांना, म्हणजे साक्ष देणाऱ्या आपल्यासारख्यांना, आयोगाची परवानगी लागते. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी दहा माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. तिथे गुंडेवार आयोग बसला तोही याच कायद्याने. गोळी झाडणाऱ्याला वकील हक्काने आणि गोळी खाणाऱ्याच्या घरच्यांना परवानगीने! त्यांना प्रतिष्ठा आहे, आपल्याला फक्त प्रेत आहे.

म्हणून ‘चौकशीत वकील कशाला’ असे कोणी विचारले की उलट विचारा, साहेब, तुमच्या खात्याने लावलेला वकील मग कशाला?

परभणीने काय दाखवले

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलीस वस्त्यांत घुसले. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल अनेक जखमांमुळे आलेल्या धक्क्याकडे बोट दाखवत होता.

इथे त्याची आई, विजयाबाई, उभी राहिली. सरकारने देऊ केलेली १० लाखांची मदत तिने नाकारली. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरले. तरी गुन्हा दाखल होईना, कारण अहवाल आल्यावर पुढे काय करायचे याबद्दल कायदा गप्प आहे. हा गप्पपणा न्यायालयासमोर मांडायला वकील लागला. औरंगाबाद खंडपीठात अॅड. प्रकाश आंबेडकर त्या आईसाठी उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने तिच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळली.

नीट पाहा. एका मृत्यूबद्दल साधा गुन्हा नोंदवायला साडेसात महिने आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले. तेही आई झुकली नाही म्हणून आणि तिच्या बाजूने अनुभवी वकील होता म्हणून. ज्या आईमागे चळवळ नाही, टीव्ही नाही, तिच्या मुलाचा अहवाल कोणत्या कपाटात पडून आहे?

मुंब्रा बायपास

दुसरे प्रकरण आमच्या दारातले आहे. तळोजाच्या तुरुंगाकडून मुंब्र्याकडे येणारा रस्ता शीळफाट्यावरूनच जातो. २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत अक्षय शिंदे गोळी लागून मेला. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा तो आरोपी. तो आरोप भयंकर होता आणि त्याचा खटला शेवटपर्यंत चालायलाच हवा होता. त्या मुलींचा न्यायही त्या गाडीतच संपवला गेला. तेव्हा फटाके वाजले, पेढे वाटले गेले. आपल्यातल्याही काही पोरांनी स्टेटस ठेवले, हे आम्ही विसरलेलो नाही.

योगायोग पाहा. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सांगितले होते की पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला की दंडाधिकाऱ्याची चौकशी झालीच पाहिजे. खटला महाराष्ट्राचाच, मुंबईतल्या चकमकींचा. अक्षयच्या मृत्यूची चौकशी झाली. २० जानेवारी २०२५ रोजी अहवाल उच्च न्यायालयासमोर आला. पाच पोलिसांना जबाबदार धरले होते आणि वापरलेले बळ समर्थनीय नव्हते असे म्हटले होते. पोलिसांनी वकील लावून ठाण्याच्या सत्र न्यायालयात धाव घेतली आणि त्या निष्कर्षांना स्थगिती मिळवली. इकडे आईवडिलांनी फेब्रुवारीत न्यायालयाला सांगितले की आम्हाला हे पुढे चालवायचे नाही. उच्च न्यायालयाने तरीही न्यायालयमित्र नेमून सुनावणी चालू ठेवली आणि ७ एप्रिलला विशेष तपास पथकाचा आदेश दिला.

एका बाजूला खाते, वेळ, पैसा आणि वकील. दुसऱ्या बाजूला थकलेले म्हातारे आईबाप. न्यायालयाने स्वतःहून वकील नेमला नसता तर प्रकरण तिथेच मिटले असते. ज्याच्या बाजूने उभे राहायला कोणालाच आवडत नाही, त्याच्या मृत्यूची चौकशी नीट झाली तरच उद्या आपल्या पोराची होईल. कोठडीचा दरवाजा माणूस बघून वेगळा होत नाही.

जिवंत आरोपीला हक्क, मेलेल्याच्या आईला नाही?

संविधानाचे कलम २२ सांगते की अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क नाकारता येणार नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत हे कलम बाबासाहेबांनी मांडले. स्वतः बॅरिस्टर असलेल्या त्या माणसाला ठाऊक होते की पोलीस ठाण्यात एकट्या सापडलेल्या गरिबाचे काय होते. आज अवस्था अशी की कोठडीत माणूस जिवंत असेपर्यंत त्याला वकील आहे. तो तिथेच मेला की त्याच्या आईला फक्त कोपऱ्यात हजर राहता येते. हक्क माणसाबरोबर मरतो का? तो घरच्यांकडे जायला हवा.

आणि हा हक्क आजच्या कायद्यातूनही ओढून काढता येतो. २०११ पासून लागू असलेले वकील कायद्याचे कलम ३० म्हणते की साक्षीपुरावा घेण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या कोणासमोरही वकिलाला काम करता येते. १९६ खालचा दंडाधिकारी साक्षी नोंदवतो. मग त्याच्यासमोर वकीलपत्र का दाखल करायचे नाही? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही त्यात आहेत. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५-अ पीडितांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना संस्था, सामाजिक कार्यकर्ते आणि वकील यांची मदत घेण्याचा हक्क देते. हे हक्क आपणच वापरत नाही.

वकिलाने खरेच फरक पडतो का, असे विचारणाऱ्यांनी इंग्लंडकडे पाहावे. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. पहिल्या चौकशीत अनेक कुटुंबांनी मिळून कसाबसा एक वकील लावला. पोलिसांकडे वकिलांची फौज होती. १९९१ चा निर्णय आला, अपघाती मृत्यू. लोक लढत राहिले, तो निर्णय २०१२ मध्ये रद्द झाला. नव्या चौकशीत कुटुंबांच्या वकिलांचा खर्च सरकारने केला, आणि २०१६ मध्ये ज्युरीने सांगितले की ९६ माणसे बेकायदा मारली गेली. मृत्यू तेच, मैदान तेच. यावेळी कुटुंबांच्या बाजूनेही प्रश्न विचारणारे कोणी होते.

पहिले २४ तास आपले

नेत्यांना, संघटनांना आणि स्वतःला आमचे थेट सांगणे आहे. तेराव्या दिवसाच्या भाषणापेक्षा पहिल्या रात्रीचा एक अर्ज मोठा आहे. सीबीआय चौकशीची मागणी करण्याआधी पंचनामा वाचा.

न वाचता सही नाही. जबाब वाचून दाखवायला सांगा. कारण माहीत नसेल तर ‘मृत्यूचे कारण आम्हाला माहीत नाही, सखोल चौकशी व्हावी’ असे लिहायला लावा. लिहीत नसतील तर तेच वेगळ्या अर्जात लिहून द्या आणि पोच घ्या.

पंचनाम्याच्या वेळी घरचा एक माणूस आणि एक कार्यकर्ता समोर उभा ठेवा. जखमा, कपडे, जागा यांचे फोटो काढा. कपडे परत मागू नका, ते जप्त झाले का ते पाहा.

रुग्णालयाला लेखी मागणी करा की शवविच्छेदन एकापेक्षा जास्त डॉक्टरांनी करावे, चित्रीकरण व्हावे, व्हिसेरा राखून ठेवावा. कोठडीतल्या मृत्यूत चित्रीकरण करावे हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोग १९९५ पासून सांगत आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार खून, आत्महत्या वा घातपाताचा संशय असलेल्या मृतदेहाचे शवविच्छेदन एरवी सूर्यास्तानंतर करायचे नसते. रात्रीच उरकायची घाई कोणाला आहे ते विचारा.

संशय असेल तर अग्नी देऊ नका, दफन करा. आपल्या धम्मात त्याला आडकाठी नाही.

कोठडीतला मृत्यू असेल तर त्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि वकीलपत्र द्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

आणि आपली मागणी एका निवेदनात मावेल एवढी आहे. कलम १९४ आणि १९६ मध्ये नातेवाइकांना वकिलामार्फत हजर राहण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क लिहा. अहवालाची प्रत मुदतीत द्या. अहवालात गुन्हा दिसला की आपोआप गुन्हा नोंदवा. रिमांडला जसा विधी सेवेचा वकील असतो तसा कोठडीतल्या आणि कामावरच्या प्रत्येक मृत्यूच्या चौकशीला द्या.

आपल्या वस्त्यांतून दरवर्षी पोरे कायद्याच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. १४ एप्रिलला त्यांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ होते. आम्ही शीळफाटा, दिवा, मुंब्रा, डोंबिवलीच्या अशा प्रत्येक वकील भावाला आणि ताईला एकच मागतो. महिन्यातल्या दोन रात्री आम्हाला द्या. शवागाराच्या बाहेर उभे राहा आणि कागद वाचून दाखवा.

त्या काकांना आम्ही अजूनही भेटतो. ते आम्हाला कधी काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुम्ही शिकलेले होता ना रे." आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या बापाला तरी हे विचारावे लागू नये.

जयभीम. जय संविधान.